इंजिन माझ्या हातून सुटलं

दादा,

तू कुणाच्या तरी कोयत्यानं मरशील, असं आई आयुष्यभर म्हणत आली. तिला जाऊन सहा वर्षं झाली, नाहीतर आज खोटं पडल्याचं तिला वाईटच वाटलं असतं. घोटावड्यात तुझ्याशी एकदाही मारामारी न झालेला माणूस शोधायचा तर पाळण्यातच शोधावा लागेल. आणि तू गेलास कशानं, तर डाव्या पायाच्या पंजावरच्या चार बोटं लांब जखमेनं. दवाखान्याच्या पांढऱ्या चादरीवर, नाकात नळी, आणि पाण्याचा पेला उचलण्याएवढीही ताकद अंगात नाही. पेला मी धरायचे, आणि तू घोट घेऊन माझ्याकडं असा बघायचास, की जसं काही मीच तुला खाटेला बांधून ठेवलंय.

तुला जाऊन आज चोवीस दिवस झाले. गावात सगळे एकच सांगतात. दत्तानं घरीच गाडीचं इंजिन उतरवलं, हातातून निसटलं, पायावर पडलं, अंगात साखर होती, जखम चिघळली. हे गावानं रचलेलं नाही, तूच सगळ्यांना सांगितलंस. वहिनीला सांगितलंस, डॉक्टरला सांगितलंस, भेटायला आलेल्या प्रत्येकाला सांगितलंस. खरं काय ते तुला आणि मला, दोघांनाच माहीत होतं. इंजिन तुझ्या हातून निसटलं नव्हतं. ते माझ्या हातून सुटलं. सुटलं हाही मानभावीपणाच झाला. मी ते सोडलं.

तू गेलास त्या दिवसापासून माझ्यापुढं एकच प्रश्न होता, हे वहिनीला सांगायचं की नाही. तुझा पोरगा चितेला अग्नी देताना तोच, चपात्या लाटताना तोच, कारखान्यात पंपाचे बोल्ट आवळताना तोच. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण इथं घसा नाही, हात खवखवत होते. रात्रभर डाव्या हाताची बोटं मिटायची आणि उघडायची. नवरा विचारायचा, मुंग्या आल्यात का. मी म्हणायचे, हो, मुंग्या.

आपल्या घरात तोंडाआधी हात बोलायचा. बापानं बैल विकले, पण आसूड काही भिंतीवरून उतरवला नाही. तो आपल्यासाठी ठेवला होता, मुख्य म्हणजे तुझ्यासाठी. मी सात वर्षांची असताना दुधाची कासंडी लाथेनं उडवली, तेव्हा तू मधे पडलास आणि आसूड तुझ्या पाठीवर वाजला. मला वाटलं, काय हा भाऊ. बाप बाहेर गेल्यावर तू मला गोठ्यामागं ओढत नेलंस आणि कासंडी उडवल्याबद्दल वेगळं बडवलंस. मी तुझ्या दंडाला चावले. दात इतके खोल गेले की रक्त माझ्या जिभेवर आलं. तुला शेवटची आंघोळ घालताना तो वण कुणाला दिसला असेल तर त्याला वाटलं असेल, कुत्रं चावलं असावं.

पण दादा, दहावीनंतर मी आयटीआयला जाते म्हटल्यावर बाप म्हणाला, पोरगी पाने-पकडी घेऊन कुणाच्या घरात जाणार आहे. तेव्हा तू बापाच्या अंगावर गेलास. भर अंगणात, बाप आणि लेक, बुक्क्यांनी. तुझा वरचा एक दात त्या दिवशी पडला आणि बापाच्या भुवईला चार टाके पडले. दुसऱ्या दिवशी तू मला गाडीवर मागं बसवून दाखला घ्यायला नेलंस, तोंड सुजलेलं, खिडकीतल्या कारकुनाला वाटलं मीच तुला मारलंय. आज मी कारखान्यात फिटर म्हणून ताठ मानेनं उभी राहते ती तुझ्या त्या दातावर. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. आपल्यात तशी पद्धतच नव्हती. आपण फक्त उणंदुणं काढायचो, आणि त्यात मात्र दोघांनीही कधी काही शिल्लक ठेवलं नाही.

शिल्लक राहिली फक्त एक गोष्ट. माझ्या नवऱ्याची बोटं.

नऊ वर्षं झाली त्याला. तेव्हा तो कंपन्यांच्या गाड्या चालवायचा, हिंजवडीतल्या पोरांना ने-आण करायचा, आणि दारू पिऊन आला की माझ्यावर हात टाकायचा. चार वेळा टाकला. चौथ्या वेळी माझा डोळा मिटला. त्या सकाळी मी ठरवलं होतं, बास. पिशवी भरून दाराआड ठेवली होती. तो उठला की त्याच्या तोंडावर सांगायचं, मी चालले, आणि भूगावच्या त्या खोलीतून माझ्या पायांनी बाहेर पडायचं. ते वाक्य मी रात्रभर घोटून ठेवलं होतं.

तो उठायच्या आधी तू आलास. कुणी सांगितलं तुला, देव जाणे. तू माझ्याकडं बघितलंस, त्याला अंथरुणातून ओढलंस, त्याचा उजवा हात उंबऱ्यावर दाबून धरलास आणि गाडीच्या पान्यानं मारलंस. दोनदा. दोन्ही वेळेला आलेला आवाज मला अजून ऐकू येतो. मग पाना पुसलास, पिशवीकडं बघितलंसुद्धा नाहीस, आणि दूध घालायला निघून गेलास.

आता सांग, ज्याची दोन बोटं मोडून लोंबतायत त्याला सोडून मी कशी जाणार होते? दवाखान्यात मीच नेलं. दोन महिने मी त्याला हातानं भरवलं, आंघोळ घातली, शर्टाची बटणं लावली. ती बोटं पुढं नीट वळलीच नाहीत, गाडी चालवणं सुटलं, आता तो एका सोसायटीच्या गेटवर बसतो. त्यानंतर त्यानं माझ्यावर हात उचलला नाही हे खरं. दारू सोडली हेही खरं. गावाच्या मते दत्तानं बहिणीचा संसार सावरला. पण तो संसार मला हवा होता का, हे कुणी विचारलं नाही. तू तर नाहीच नाही. माझं भांडण तू माझ्या हातातून काढून घेतलंस आणि मला त्याच्याशी बांधून गेलास.

नऊ वर्षं आपण दोघं या विषयाला वळसा घालून गेलो. ओवाळायला मी यायचे, तू जेवायला वाढायला लावायचास, म्हशींचं बोलायचास, सूसच्या सोसायट्यांमधल्या दुधाच्या गिऱ्हाइकांना शिव्या द्यायचास. माझा नवरा तुझ्या दारात आला नाही आणि तू आमच्या.

मग फाल्गुनात तुझी गाडी निळा धूर सोडायला लागली. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावून ती रोज सकाळी सूसपर्यंत पळायची, तिचंही वय झालं होतं. पिरंगुटच्या गॅरेजवाल्यानं सांगितलं, इंजिन खाली घ्यावं लागेल, आठ दिवस गाडी सोडून जा. आठ दिवस दूध काय उडत जाणार? तू पुण्यातून जुनंच पण चालू इंजिन मिळवलंस, गोणपाटात बांधून आणलंस, आणि मला फोन केलास, गुरुवारी सुट्टी आहे ना, पाने घेऊन ये. विनंती नाही, हुकूम. मी आले. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. भावानं ओवाळणी सोडून दुसऱ्या कशासाठी बोलावलं, असं त्या नऊ वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं.

गोठ्याच्या सावलीत आपण गाडी मोठ्या स्टँडवर लावली. तेल खाली सोडलं, ते डांबरासारखं काळं. सायलेन्सर, चेन, कार्बोरेटर, क्लचची वायर, गिअरचा दांडा हे सगळं मी सोडवलं, आणि जो नट ज्या भोकाचा त्याच भोकात दोन आटे फिरवून अडकवून ठेवला. तू हसलास. तुझी रीत म्हणजे सगळे नट एका डब्यात टाकायचे आणि शेवटी दोन उरले की म्हणायचं, कंपनीनं जास्तीचे दिले होते.

मागचा फाउंडेशन बोल्ट, म्हणजे इंजिन सांगाड्याला धरून ठेवतो तो लांब बोल्ट, गंजून बसला होता. म्हशी धुतलेलं पाणी वर्षानुवर्षं त्याच्यावर उडालेलं. मी म्हटलं, रॉकेल सोडू, चहा होईपर्यंत थांबू. तू घण उचललास. मी म्हटलं, बोल्टचं डोकं बसेल, आटे मरतील. तू म्हणालास, वाट बघायचं काम बायकांचं. आणि घातलास घाव. सबंध गाडी स्टँडवर थरथरली. मी तुला तुझ्या सात पिढ्यांवरून बोलले, त्या माझ्याही आहेत हे विसरून. तू हाणत राहिलास, मी मधेमधे रॉकेल सोडत राहिले, आणि बाराव्या की पंधराव्या घावाला बोल्ट सरकला. तू म्हणालास, बघ. मी म्हटलं, माझ्या रॉकेलनं सुटला. शेवटी दोघंही हसलो. दादा, त्या हसण्यावर आपण थांबायला हवं होतं.

इंजिन सांगाड्यातून बाहेर घेतलं. हेडची बाजू तू धरलीस, क्लचची मी. चार पावलांवर गोणपाट अंथरलं होतं, तिथवर न्यायचं, एवढंच काम होतं. पंचवीसेक किलोचं धूड, तेलानं बुळबुळीत, पण दोघांत जड नव्हतं. तुझ्या पायात नेहमीची रबरी चप्पल. आणि तुला त्याच घटकेला बोलायचं सुचलं. पाव्हणा आता सरळ आहे ना, असं विचारलंस. मी म्हटलं, आहे.

"हानला म्हनून मानसात आला त्यो," तू म्हणालास. "न्हाईतर आजून मार खात बसली असतीस."

मी तुला म्हटलं, मी बोलावलं होतं का तुला. तू म्हणालास, तोंड दिसत होतं ना सुजलेलं. मी म्हटलं, दादा, मी त्याच दिवशी निघून चालले होते, पिशवी भरली होती, तू येऊन सगळं मोडलंस.

तू हसलास. "निगून कुटं जानार व्हतीस? हितंच ना? माज्याच दारात?"

खरंच होतं ते. दुसरं दार मला नव्हतंच. त्या हसण्यानं माझ्या डोक्यात काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही, पण हात काय करतोय हे मला समजत होतं. एक आकडा मोजायला लागतो तेवढा वेळ माझ्याकडं होता. धरून ठेवता आलं असतं. मी बोटं उघडली.

माझी बाजू खाली गेली, तुझ्या हातातून इंजिन पलटलं आणि इंजिन थंड ठेवणारे त्याचे पात्यांसारखे पंख तुझ्या पंजावर उभे बसले. मांस कापल्याचा आवाज फार बारीक असतो. चप्पल एका क्षणात लाल झाली. तू ओरडला नाहीस. इंजिन बाजूला ढकललंस, शेजारचा पाना उचललास आणि हात वर गेला, थेट माझ्या डोक्यावर. मी हटले नाही. मला तो मार हवा होता. तू माझ्या डोळ्यांत बघितलंस आणि तुला समजलं की मी ते मुद्दाम केलंय. पाना खाली आला तो जमिनीवर. तोवर आवाज ऐकून वहिनी धावत आली होती.

"माजाच हात निसटला," तू तिला म्हणालास. "च्या टाक."

मग तू टाकीतून काढलेलं पेट्रोल जखमेवर ओतलंस. पेट्रोलनं जखम पिकत नाही, ही आपल्या बापाची डॉक्टरकी. वर त्याच तेलकट चिंधीनं करकचून बांधलंस. मी म्हटलं, पिरंगुटला जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊ. तू म्हणालास, उद्या. एरवी मी तुझ्या उरावर बसून तुला नेलं असतं. त्या दिवशी मी रेटलं नाही. मला तिथून पळायचं होतं. नवं इंजिन गोणपाटात तसंच राहिलं, मी बस धरली आणि घरी येऊन हात चार वेळा साबणानं धुतले.

तुला दोन वर्षांपासून साखर होती आणि गोळ्या तू गोठ्यातल्या कोनाड्यात लपवल्या होत्यास, हे आम्हाला नंतर समजलं. तालमीत वाढलेल्या माणसाला साखर असते व्हय, असं तू डॉक्टरलाच विचारलंस. आठव्या दिवशी पाय काळा पडला, तेव्हा वहिनीनं शेजाऱ्यांना बोलावून तुला जबरदस्तीनं गाडीत घातलं. पुण्याच्या दवाखान्यात आधी म्हणाले दोन बोटं काढू. तू नाही म्हणालास. मग म्हणाले घोट्यापासून. तू नाही म्हणालास. मग गुडघ्याखालून. तू प्रत्येक वेळी नाही म्हणायचास आणि प्रत्येक वेळी कापायची रेघ वर सरकायची. पट्टी बदलायला आलेल्या माणसाला तू चांगल्या पायानं लाथ घातलीस. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, तुझी तर मरतानाही गेली नाही. शेवटी कापून घ्यायला तू कबूल झालास तेव्हा विष रक्तात गेलं होतं.

त्याच्या आदल्या दुपारी वहिनी जेवायला खाली गेली होती. मी म्हटलं, दादा, मी वयनीला सांगते.

"गप ऱ्हा. येक शब्द काडलास तर उठून मारीन."

मी म्हटलं, ऊठ. ऊठ ना, मार. तू उठायचा प्रयत्न केलास, दादा. खरंच केलास. कोपर टेकलंस, मान वर आली, सुईच्या जागेतून रक्त आलं, आणि तू परत उशीवर पडलास. मग तोंड भिंतीकडं वळवलंस. आणि मग नऊ वर्षांत पहिल्यांदा विचारलंस, त्याच्या बोटांना आता कसं आहे. मी म्हटलं, थंडीत दुखतात. तू मान हलवलीस. एवढंच. याला माफी मागणं म्हणतात की नाही मला माहीत नाही, पण घरी जाऊन मी नवऱ्याला ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात आला. तोवर तुझी शुद्ध गेली होती.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवलं. सगळे मागं सरून उभे राहिले. मी मनात वाक्य धरून होते. कावळा अडणार याची मला खात्री होती. एवढा तापट माणूस, सडका पाय घेऊन गेलेला, बहिणीनं मारलेला, तो कसा सुटेल? कावळा अडला की एकेक जण पुढं होतो, पोराचं शिक्षण बघतो, म्हशी बघतो, असं काय काय कबूल करतो. मी शेवटी पुढं होणार होते आणि सगळ्यांसमोर म्हणणार होते, वहिनीला खरं सांगते. कावळ्याच्या निमित्तानं का होईना, तोंड उघडलं असतं.

पण कावळा आमची पाठ वळतेय न वळतेय तोच आला. तू जेवायला बसायचास तसा, हात न धुता. घास घेऊन उडालासुद्धा. म्हातारी माणसं म्हणाली, दत्ताचं मागं काय बी राह्यलं न्हाई, चांगल्या मनानं गेला. बायका डोळे पुसायला लागल्या. मला मात्र इतका संताप आला की दगड उचलून त्या कावळ्याला हाणावा. काही राहिलं नाही? माझ्यावर साधा रागसुद्धा नाही? नवऱ्याची बोटं मोडताना मला विचारलं नव्हतंस, आता माझा गुन्हा स्वतःच्या अंगावर घेतानाही विचारलं नाहीस, आणि चांगल्या मनानं निघूनही गेलास.

इतके दिवस शेजारी दूध पोचवत होते, तेराव्यानंतर त्यांनी हात वर केले. त्यांचीही आपली कामं होती. वहिनीनं मला फोन केला. इंजिन बसव, म्हणाली, गाडी मी शिकते. मागच्या गुरुवारी मी गेले.

तोच गोठा, तीच गाडी, स्टँडवर रिकाम्या पोटाची. दुसरा माणूस नव्हता, वहिनीनं पदर खोचला. तिला मी समजावलं, इंजिन सांगाड्यात शिरलं की तुमी बाजूनं तोलून धरायचं, मी भोकं जुळवून मागचा बोल्ट घालते, तो गेला की भार सुटला. आम्ही दोघींनी ते उचललं. ती म्हशींचं सगळं करणारी बाई, दंड तुझ्याइतकेच. इंजिन आत गेलं. मी वाकून बोल्ट हातात घेतला, आणि माझा डावा पाय बरोब्बर इंजिनाखाली होता. सगळा भार वहिनीच्या दोन हातांवर.

मी ठरवून काही केलं नाही. बोल्ट भोकाशी नेला, दोनदा भोक चुकलं. वहिनी म्हणाली, काय झालं. आणि मी सांगितलं. बोल्टाकडं बघत, वर न बघता. तुमच्या नवऱ्याचा हात निसटला नव्हता, मी सोडलं. रागानं सोडलं. का सोडलं तेही सांगितलं. बोटं, पिशवी, तुझं हसणं, सगळं.

इंजिन माझ्या पंजाच्या वीतभर वर होतं. तिच्या हातांच्या शिरा मला दिसत होत्या, आणि इंजिन थोडं खाली आलं, पुन्हा वर गेलं, पुन्हा खाली आलं. मी पाय काढला नाही. दादा, मला वाटतं तिनंही मनात एक आकडा मोजला. मला तिच्या श्वासाचा आवाज येत होता.

"बोल्ट घाल," ती म्हणाली.

मी बोल्ट घातला. दुसरा घातला, तिसरा घातला, नट हातानं फिरवले. तिनं हात सोडले, पुसले, आणि मला मारलं. आधी थोबाडीत, मग पाठीत, मग केस धरून गव्हाणीवर डोकं आपटलं. मी अडवलं नाही. माझा ओठ फुटला, कानात घंटा वाजायला लागल्या. ती दमेपर्यंत मारत राहिली आणि मग गोणपाटावर बसली, आणि मग बोलली.

"त्यो म्हनाला हात निसटला, म्हनून म्या च्या टाकाय गेले. तू सोडलंस म्हनाला असता, तर म्या तुला हितंच धरलं असतं. बोंबलले असते. सारी आळी गोळा झाली असती, धा मानसांनी त्याचा पाय बघितला असता, कुनीतरी वडत दवाखान्यात नेला असता. तुमी दोघांनी गपचूप मिटावलं. म्हनून मेला त्यो."

चोवीस वर्षं ती आपल्या घरात भांडणं निस्तरतेय, तिला आपण दोघांपेक्षा जास्त समजतं. आपण जन्मभर क्षुल्लक गोष्टीवरून अंगण गोळा केलं, कासंडीवरून, आयटीआयवरून, रॉकेलवरून. आणि ज्या एका दिवशी गळा काढून भांडायला हवं होतं, त्या दिवशी तू मला सांभाळून घेतलंस आणि मी सांभाळून घेऊ दिलं. माझ्या हातानं तुझा पाय फोडला, पण पुढचे आठ दिवस आपण दोघांनी मिळून गप्प राहून घालवले. मी तो पाय बघायलासुद्धा आले नाही. सांगायला नको म्हणून आले नाही.

तिनं तोंड धुतलं, मलाही पाणी दिलं. राहिलेलं काम कर म्हणाली. मी चेन चढवली, वायरी जोडल्या, तेल भरलं. जाताना मी विचारलं, मी आता परत येऊ का. ती म्हणाली, गाडी कोण शिकवणार मग? रोज यायचं. कारखाना सुटला की सरळ इकडं, एक दिवस चुकवायचा नाही. आणि मी तुला माफ केलंय असं समजू नको, करणार बी न्हाई.

म्हणून मी रोज जाते, दादा. ती पुढं बसते, मी मागं. क्लच एकदम सोडते, गाडी उडी मारते, माझं नाक तिच्या पाठीवर आदळतं. मी ओरडते, ती माझ्याहून मोठ्यानं ओरडते, रस्त्यावरची माणसं वळून बघतात. काल ती एकटीनं पार शाळेच्या वळणापर्यंत गेली आणि परत आली. उतरून माझ्याकडं बघून म्हणाली, अजून न्हाई हां. मी म्हटलं, नको. खरंच नको. कुणीतरी माझ्यावर चिडलेलं आहे आणि ते रोज तोंडावर सांगतं, यावर माझे दिवस चाललेत.

तू मात्र मला सोडून दिलंस, न विचारता, एका चहाच्या वाक्यात. ते मला सहन होत नाही, दादा. त्यासाठी मला तुझ्याशी भांडायचं होतं, अंगण गोळा होईपर्यंत, आणि तू मला तेवढंही ठेवलं नाहीस.